जनरेटर घ्यायचा, पण ठेवायचा कुठे?

वादळात लाईट गेली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. बाबांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, इन्व्हर्टरवर चालू राहिला, म्हणून मी निर्धास्त झोपलो. दीडच्या सुमाराला इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला आणि दहा मिनिटांत बंद पडला. जवळ भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर होता, त्यावर बाबांना लावलं. बाबांना मुख्यतः रात्री आणि दुपारी थोडा वेळ ऑक्सिजन लागतो. लाईट आली दुसऱ्या दिवशी उशिरा रात्री, जवळजवळ 26 तासांनी. त्या संध्याकाळी बाबा मला दर अर्ध्या तासाने विचारत होते, "अरे, काटा कुठवर आलाय बघ." सिलिंडरमध्ये किती ऑक्सिजन उरलाय ते दाखवणारा काटा लाल पट्टीला टेकत आला होता. त्याच आठवड्यात जनरेटर घ्यायचं ठरवलं.

आधी इन्व्हर्टरनं एवढ्या लवकर दगा का दिला ते बघितलं. बॅटरी 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर. गुणाकार केला की 1800 वॅट-तास होतात, पण तेवढे हातात पडत नाहीत. काही वीज इन्व्हर्टरच खातो, बॅटरी तळापर्यंत रिकामी करता येत नाही आणि जुनी झाली की तिची ताकदही कमी होते. प्रत्यक्षात 1200-1300 मिळाले असतील. कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॅट घेतो, वर एक पंखा. म्हणजे तीन तास. हा हिशेब मी आधी कधीच केला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

मग कागद घेऊन बसलो. कॉन्सन्ट्रेटर 350, फ्रिज चालू असताना 150, दोन पंखे मिळून 150, एलईडी दिवे 50, फोन आणि राउटर 40. बेरीज 740 वॅट. एवढ्यावरून मला वाटलं, एक किलोवॅटचा जनरेटर पुरेल. पण मोटर असलेलं कुठलंही उपकरण सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना 150 वॅट घेत असला, तरी उठताना 800-1000 वॅटपर्यंत जाऊ शकतो. कॉन्सन्ट्रेटरमध्येही कॉम्प्रेसरच असतो. आणि पाण्याचा एक अश्वशक्तीचा पंप तर चालू असतानाच हजार-अकराशे वॅट घेतो आणि उठताना त्याच्या तिप्पट किंवा जास्त मागतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो या पंपावर. तो यादीत ठेवला तर मोठा, जड, जास्त पेट्रोल पिणारा जनरेटर घ्यावा लागत होता, तोही दिवसातल्या वीस मिनिटांसाठी. पाच किलोवॅटचं यंत्र 700 वॅटच्या भारावर तासन् तास चालवणं म्हणजे रिकाम्या बसनं एकट्यानं फिरणं. पंप यादीतून काढला. आता आभाळ भरून आलं की आधी टाकी भरून ठेवतो. ज्यांच्याकडे साठवणीची टाकीच नाही, त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा होईल.

दुकानात बहुतेक पेट्रोल जनरेटरवर दोन आकडे लिहिलेले दिसले. मोठ्या अक्षरात कमाल वॅट आणि लहान अक्षरात सतत देता येणारे वॅट. विकत घेताना लहान अक्षरातलाच आकडा धरावा. काहींवर वॅटऐवजी केव्हीए लिहिलेलं असतं. त्यातली प्रत्यक्ष कामाला येणारी वीज पॉवर फॅक्टर या गुणकाने ठरते. तो 0.8 असेल तर 2.5 केव्हीए म्हणजे 2 किलोवॅटच. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांनी आणखी थोडी सूट धरायला हवी, कारण हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद कमी होते. दर 300 मीटरला साधारण तीन-साडेतीन टक्के.

मी इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर घेतला. सतत 1800 वॅट, कमाल 2000. साध्या जनरेटरमध्ये घरच्या विजेसारखी 50 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी मिळवायला इंजिनाला मिनिटाला 3000 फेरे, नाहीतर मशीन चार पोलचं (चार चुंबकीय ध्रुवांचं) असेल तर 1500 फेरे, धरून ठेवावे लागतात, भार असो वा नसो. भार अचानक बदलला की फेरे डगमगतात आणि त्याबरोबर फ्रिक्वेन्सीही. इन्व्हर्टर प्रकारात तयार झालेली वीज आधी डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेची) होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिचं घरच्या विजेसारखं स्वच्छ एसी करतं. त्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू चालू शकतं. आवाज कमी, पेट्रोल कमी. कॉन्सन्ट्रेटरसारखं यंत्र जोडायचं असेल तर मला हाच मार्ग योग्य वाटला, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजल्याची खंत नाही.

खोक्यातून काढल्यावर लक्षात आलं की इंजिनात ऑइल अजिबात नव्हतं. नवी यंत्रं बहुधा कोरडीच येतात. दुकानदारानं हे सांगितलं नव्हतं, पुस्तिकेत मात्र पहिल्याच पानावर होतं. यंत्र सपाट जागी ठेवून 10डब्ल्यू-30 ऑइल भरलं, काडी पुसून पातळी बघितली, पेट्रोल भरलं, चोक ओढला आणि दोरी खेचली. तिसऱ्या खेचीला इंजिन सुरू झालं.

मी ते सुरू केलं होतं मागच्या पडवीत. दुकानदारानं सांगितलं होतं, "वर छप्पर असू दे, बाजू मोकळी असली की झालं." पडवी तीन बाजूंनी मोकळी आहे आणि मला ती जागा आदर्श वाटली. पाऊस लागणार नाही, वायर छोटी पुरेल. चाचणी म्हणून अर्धा तास चालवायचं ठरवलं. वीस मिनिटांत आतल्या खोलीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजायला लागला. बाबा त्याच खोलीत होते. बायकोनं त्यांना धरून पुढच्या दारानं अंगणात नेलं, मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. त्यांना काही झालं नाही. बायको नंतर म्हणाली की तिचं डोकं जड झालं होतं, पण तिला ते आवाजामुळे वाटलं होतं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ एवढ्यावर माणूस थकवा समजून आडवा होतो आणि झोपेतच जातो. ज्या माणसाला ऑक्सिजन मिळावा म्हणून मी हा सगळा खटाटोप करत होतो, त्याच्याच खोलीत मी हा वायू पाठवत होतो. अलार्म मी जनरेटरबरोबरच आणला होता, त्याच दिवशी सकाळी लावला होता. तो आणला नसता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मला झोपू देत नाही.

त्यानंतर सगळा क्रमच उलटा केला. आधी जागा, मग वायर, मग बाकीचं. दार, खिडकी, झरोका यांपासून कमीत कमी 6 मीटर दूर आणि धुराचं तोंड घरापासून विरुद्ध दिशेला, हा नियम धरला. पडवी, गॅरेज, जिना, बाल्कनी हे सगळं बाद. दार उघडं ठेवलं, पंखा लावला, तरी बादच. अंगणाचा एक कोपरा सापडला. टेप लावून मोजलं तर आमच्या खिडकीपासून 8 मीटर, पण शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून अवघे 3. ते मोजायचं मी जवळजवळ विसरलोच होतो. शेवटी दुसरा कोपरा निवडला. तिथे फरशी टाकून जमीन उंच केली आणि चारी बाजू उघड्या राहतील असं छोटं छप्पर केलं, कारण पावसात भिजणाऱ्या जनरेटरला हात लावणं म्हणजे शॉकला आमंत्रण. साखळीनं बांधायला एक कडीही बसवली.

जागा लांब गेली, तसा वायरचा प्रश्न आला. पहिल्या दिवशी घरातली साधी एक्स्टेन्शन वापरली होती आणि रिळावर गुंडाळलेला भाग हाताला चांगलाच गरम लागला होता. बारीक वायर आणि वर गुंडाळी, म्हणजे उष्णता जायला जागाच नाही. आता बाहेर वापरण्याजोगी 2.5 चौरस मिलिमीटरची केबल आहे, ती पूर्ण उलगडून टाकतो.

घराच्या वायरिंगला जोडणी कशी करायची, याबद्दल एका ओळखीच्या माणसानं सोपा उपाय सुचवला होता. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करायची आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायची, सगळं घर चालतं. वायरमनला हे सांगितल्यावर त्यानं हातातलं काम थांबवलं. म्हणाला, "साहेब, असं केलं तर वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो. तुमचे 230 व्होल्ट खांबावर हजारो व्होल्ट होतात. तिथे आमच्यातला कोणीतरी बंद लाईन समजून चढलेला असतो." त्याचा चुलतभाऊ लाईनमन आहे. शिवाय त्या वायरचं एक टोक निघालं की उघड्या पिनांवर वीज असते, आणि मेन लाईट परत आली तर जनरेटर जळतो तो वेगळाच.

त्यानं चेंजओव्हर स्विच बसवला. मेन, बंद, जनरेटर अशा तीन जागा. एका वेळी एकच बाजू जोडली जाते आणि फेज व न्यूट्रल दोन्ही एकदमच तुटतात. त्यावर फक्त गरजेची सर्किट घेतली. बाबांची खोली, फ्रिज, दोन पंखे, दिवे. न्यूट्रल आणि अर्थ कसे जोडायचे हे प्रत्येक यंत्रात वेगळं असू शकतं, ते त्यानं पुस्तिका वाचून आणि मीटर लावून ठरवलं. हे काम स्वतः करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

पहिल्या खऱ्या वापरात आणखी एक गोष्ट कळली. स्विच फिरवला, फ्रिज आणि कॉन्सन्ट्रेटर एकदम उठले, जनरेटरवर भार जास्त झाल्याचा लाल दिवा लागला आणि इंजिन चालू असूनही वीज बंद झाली. आता चेंजओव्हर फिरवण्याआधी सगळी उपकरणं बंद करतो, इंजिन दोन-तीन मिनिटं नुसतं चालू देतो, मग आधी फ्रिज, मिनिटभरानं कॉन्सन्ट्रेटर, शेवटी पंखे आणि दिवे.

इन्व्हर्टरची बॅटरी जनरेटरवर पटकन भरून घेऊ, ही माझी कल्पना मात्र फसली. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास घेते, घाई केली म्हणून ऐकत नाही. फ्रिजच्या बाबतीत उलट अनुभव आला. दार उघडलं नाही तर फ्रिज चार तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर तर दोन दिवस टिकतो. त्यामुळे आता फ्रिजला मी सलग वीज देत नाही.

तीन महिने लाईट नीट राहिली आणि मी जनरेटरकडे फिरकलो नाही. चौथ्या महिन्यात दोरी ओढून खांदा दुखला, इंजिन काही सुरू होईना. टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रात, चिकट थर जमला होता. मेकॅनिकनं ते उघडून साफ केलं. हे त्या 26 तासांच्या रात्री घडलं असतं तर? त्या दिवसापासून महिन्यातून एकदा वीस मिनिटं, भार लावून चालवतो. साठ्याला दहा लिटर पेट्रोल योग्य त्या कॅनमध्ये, घरापासून आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरपासून दूर ठेवतो. दर दोन महिन्यांनी ते गाडीत ओततो आणि ताजं आणतो. ऑइल पहिल्या 20 तासांनी बदललं, त्यात धातूची बारीक चमक दिसत होती. नव्या इंजिनात ती यायचीच, म्हणून तर पहिलं ऑइल लवकर बदलायचं.

परवा पुन्हा रात्रभर लाईट नव्हती. टाकीत चार लिटर पेट्रोल मावतं, या भारावर ते साधारण सहा तास पुरतं. तीन वाजता इंजिन बंद केलं, बाबांना सिलिंडरवर घेतलं आणि पंधरा मिनिटं बाहेर थांबलो, कारण तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा थेंब सांडला तर भडका उडतो. हाताशी टॉर्च होता. मग टाकी भरून पुन्हा सुरू केलं. बाबा जागे झाले, म्हणाले, "झालं का रे?" आणि कूस बदलून झोपले.

पावणेसातला लाईट आली. चेंजओव्हर मेनवर फिरवला, बाबांचं यंत्र सुरू झाल्याचं ऐकलं, मग अंगणात गेलो. जनरेटर काही मिनिटं भाराशिवाय चालू दिला, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्ब्युरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो.