सिएम रीपहून निघणारी क्रूझ सिएम रीपहून निघत नाही

मेकाँग क्रूझचं माहितीपत्रक हातात पडलं की आधी एकच गोष्ट शोधा: जहाजात नेमकं कुठल्या गावात चढायचं आहे. वर मोठ्या अक्षरांत 'सिएम रीप ते हो ची मिन्ह सिटी', म्हणजे कंबोडियातून व्हिएतनामला, असं असतं. नकाशावरची निळी रेघ तोन्ले साप तलावातून सरळ खाली उतरलेली असते. पण जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर त्या रेघेचा पहिला मोठा तुकडा बसने कापायचा असतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो. सकाळी सातला हॉटेलच्या दारातून बस हलली आणि कांपोंग चामच्या काठाला लागलेलं जहाज दिसलं तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. अडीचशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. बुकिंग घेणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. सिएम रीपमधून फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "ट्रान्स्फर पॅकेजमध्येच आहे की, वेगळे पैसे कुठे लागतायत?"

प्रश्न पैशांचा नव्हताच. तलाव ओलांडून जाणार म्हणून तर हे पॅकेज घेतलं होतं.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे तुम्हाला कोणी असं गुंडाळणार नाही. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तलावाला तिच्याशी जोडणाऱ्या तोन्ले साप नदीचा प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी तलावात शिरतं. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असलेला तलाव पावसाळ्याअखेरीस त्याच्या चार-पाच पट पसरतो, खोली मीटरभरावरून आठ-नऊ मीटरपर्यंत जाते. नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह पुन्हा सुलटा होतो. राजधानी फ्नोम पेन्हमध्ये होड्यांच्या शर्यतींचा मोठा जलोत्सव होतो तो तेव्हाच. त्यानंतर तलाव उतरत जातो आणि मोठं जहाज आत जाऊच शकत नाही. हे दरवर्षी होतं आणि जहाजवाल्यांना ते पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे तलावातून जायची हौस असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हेच महिने धरा, आणि तेव्हासुद्धा चढायच्या धक्क्याचं नाव लेखी मागा. तोंडी 'हो हो, सिएम रीपच' यावर अजिबात विसंबू नका.

आता ती बस. रस्ता डांबरी आहे, एसी चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. या रस्त्यावर कांपोंग थोम लागतं आणि तिथून उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर सांबोर प्रेई कुक आहे. सातव्या शतकातली ईशानपुरा, ईशानवर्मन राजाची राजधानी. अंकोरच्या कितीतरी आधीची विटांची शिवमंदिरं, त्यातली काही अष्टकोनी, झाडांच्या मुळांनी वेढलेली. 2017 पासून जागतिक वारसा यादीत आहे. 'वारसा सहल' म्हणून विकलेल्या पॅकेजची बस तिथून पुढे निघून गेली. थांबली कुठे, तर एका मोठ्या दुकानापाशी. चांदीचे डबे, रेशमी स्कार्फ, दगडी बुद्ध, काउंटरवर थंड पाणी. पाऊण तास. गाईडला मी विचारलं, हा पाऊण तास आणि वर थोडा वेळ काढून सांबोरला का नेत नाही? तो बिचारा खाली बघत म्हणाला, "मॅडम, प्रोग्राममध्ये नाही." पोरगा हुशार होता, बसमध्ये ईशानवर्मनची सगळी हकीकत त्यानेच सांगितली. त्याच्यावर राग नाही. राग कार्यक्रम आखणाऱ्यांवर आहे.

वाटेत कांपोंग क्डेईचा जुना पूल मात्र दाखवला. सातव्या जयवर्मनच्या काळातला जांभ्या दगडाचा पूल, दोन्ही कठड्यांवर फणा काढलेले नाग. दहा मिनिटं मिळाली. उतरा आणि पुलाखाली जाऊन कमानी बघा. वरून काहीच कळत नाही. स्कुनला तळलेले कोळी विकायला असतात, तिथे बस फोटोसाठी थांबते. मला त्यात रस नव्हता.

माझा स्पष्ट सल्ला: हा टप्पा पॅकेजमधून काढून टाका. सिएम रीपमध्ये स्वतःची गाडी ठरवा, भल्या पहाटे निघा, सांबोर प्रेई कुकला दोन-तीन तास द्या आणि संध्याकाळी फ्नोम पेन्हला मुक्काम करा. चौघं असाल तर माणशी खर्च आटोक्यात राहतो. जहाज फ्नोम पेन्हला पकडा. काही कंपन्या मधूनच चढू देतात, भाडं मात्र पूर्ण घेतात. तिथे घासाघीस करून बघा.

सिएम रीपमध्येच दुसरी फसवणूक झाली, तीही सांगते. 'तरंगतं गाव' नावाची ऐच्छिक सहल बसमध्येच विकली जाते. आम्हाला कांपोंग फ्लुकला नेलं. फेब्रुवारीत ते तरंगत नाही. उंचच उंच खांबांवरची घरं कोरड्या जमिनीवर उभी असतात आणि होडी चॉकलेटी पाण्यातून बुड घासत जाते. गाव बघण्यासारखं आहे, खोटं बोलणार नाही. पण मोठ्या होडीचे पैसे घेतल्यावर झाडीत फिरवायला छोट्या होडीचे वेगळे, आणि मग होडी एका काठाला लावून 'शाळेतल्या मुलांसाठी तांदूळ घ्या'. एका पोत्याला पन्नास डॉलर. आमच्यातल्या एका काकूंनी डोळ्यांत पाणी आणून ते घेतलं. आम्ही परत फिरलो तेव्हा ते पोतं पुन्हा दुकानाच्या फळीवर होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मदत करायचीच असेल तर सिएम रीपमध्ये मुलांची रुग्णालयं आहेत, रीतसर देणगी घेतात, पावती देतात. होडीवर पाकीट बाहेर काढू नका.

अंकोर. इथे माझं मन भरून येतं, त्यामुळे थोडं लांबेल.

पासचं आधी सांगते. एक दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतो, सलग लागत नाहीत. क्रूझवाले बहुतेक तीन दिवसांचा काढतात आणि त्यांचा कार्यक्रम तेवढे दिवस भरून काढत नाही. तुमचा पास तुमच्याकडेच मागून घ्या. तो गाईडच्या पिशवीत राहिला तर उरलेला दिवस वाया गेला. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, पातळ ओढणी चालत नाही.

ग्रुपसोबत अंकोर वाट म्हणजे पहाटे तळ्याकाठी सूर्योदयाची गर्दी, मग आत धावपळ. हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी समोरची बाजू सावलीत असते. सूर्योदय एकदा बघा, हरकत नाही, पण मंदिर बघायला दुपारी तीननंतर जा. आमच्या गाईडने समुद्रमंथनाच्या शिल्पपटासमोर मोजून पाच मिनिटं दिली. जवळजवळ पन्नास मीटर लांबीची ती भिंत, आणि पाच मिनिटं! दुसऱ्या दिवशी दुपारची विश्रांती सोडून मी टुक-टुक केली आणि एकटी परत गेले.

पूर्वेकडच्या ओवरीत, दक्षिण अंगाला. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, सगळ्यांच्या हातांत वासुकी, सगळ्यांचे पाय एकाच तालात रोवलेले. मधोमध विष्णू, खाली कूर्म, वर फेसातून निघालेल्या अप्सरांच्या रांगा. खाली वाकून पाण्याचा पट्टा बघा. कडेला मासे आणि सुसरी आरामात पोहतायत. रवीच्या जवळ जाल तसे त्यांची चिरफाड होत जाते, मधल्या भोवऱ्याशी तर नुसते तुकडे उरलेत. बाराव्या शतकात सूर्यवर्मनच्या कारागिराने पाण्याचा वेग माशांच्या अंगावर दाखवला आहे. मी तिथे जमिनीवर बसून राहिले. पाय सुजले होते, पाण्याची बाटली संपली होती, आणि तरी उठावंसं वाटेना.

पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र आहे, शरपंजरी भीष्म शोधा. त्याच बाजूला उत्तरेकडे लंकेची लढाई, वानरांची एवढी दाटी की हात कुणाचा आणि दात कुणाचे ते कळत नाही. लहानपणी आजीकडून महाभारत ऐकलेल्या माणसाला इथे गाईडची गरज फारशी नाही, वेळेची आहे. वरचा तिसरा मजला, बाकान, तिथल्या पायऱ्या खूप उभ्या आहेत आणि रांग मोठी. बौद्ध उपोसथाच्या दिवशी तो बंद असतो, बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. गुडघ्यांची तक्रार असेल तर सोडा, खालच्या ओवऱ्या त्याहून मोलाच्या आहेत.

बांतेय स्रेई शहरापासून दूर आहे म्हणून काही पॅकेजं ते ऐच्छिक ठेवतात. ते सोडूच नका. 967 सालचं गुलाबी वालुकाश्माचं छोटं मंदिर. वेरूळच्या कैलास लेण्यात रावण पर्वत हलवताना पाहिला असेल, तोच प्रसंग इथे वीतभर आकृत्यांत आहे: पायऱ्यापायऱ्यांचा कैलास, घाबरून पळणारे प्राणी, शंकराला बिलगलेली पार्वती. दुसऱ्या एका माथ्यावर खांडववन जळतंय आणि वरून इंद्राचा पाऊस बारीक रेघांनी कोरलाय. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर बसगाड्या येतात.

ता प्रोम: झाडांच्या मुळांमुळे सगळे तिथे गर्दी करतात. जतनाचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने कंबोडियाच्या अप्सरा प्राधिकरणाबरोबर केलंय, तसा फलक आहे, वाचून बरं वाटतं. फ्नोम बाखेंग टेकडीवरच्या सूर्यास्ताला जाऊ नका. तीनशे माणसांची मर्यादा, तासन्‌तास रांग, दिसतं ते बेताचंच.

फ्नोम पेन्हमध्ये जहाज तिसऱ्या ओळीत लागलं, म्हणजे दोन जहाजं ओलांडून काठावर जायचं आणि खिडकीतून शेजारच्या जहाजाची खिडकी. केबिन घेताना सर्वात खालचा डेक टाळा, मागचा भागही टाळा, इंजिनाचा आवाज रात्रभर असतो. मधला डेक, पुढची बाजू.

इथली एक गोष्ट मला फार लागली. तुओल स्लेंग आणि चोएंग एक, ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या 1975 ते 1979 या काळातला तुरुंग आणि वधस्थळ, एकाच सकाळी उरकतात आणि दुपारी लगेच सायक्लोची, म्हणजे तिथल्या सायकलरिक्षाची, मजेची सफर. शाळेच्या वर्गांत केलेल्या विटांच्या कोठड्या, भिंतभर कैद्यांचे फोटो, आणि गाईड घड्याळ बघतोय. 2025 मध्ये ही स्थळं जागतिक वारसा यादीत गेली. हे असं बघायचं नसतं. दुपारची सफर सोडा, ऑडिओ गाईड घ्या, तुओल स्लेंगला सावकाश फिरा. लहान मुलांना नेऊ नका. दुसऱ्या सकाळी राष्ट्रीय संग्रहालय, तेही आमच्या कार्यक्रमात नव्हतं. फ्नोम दाहून आणलेला आठ हातांचा विष्णू बघायचाच.

व्हिएतनामकडचे दिवस निवांत गेले: तान चाऊ, सा देक, काय बे, बाजार, कालवे, नारळाच्या वड्या. सांगण्यासारखी अडचण आली नाही. शेवट हो ची मिन्ह सिटीत नव्हे, मी थो बंदरात होतो, तिथून पुन्हा दीड-दोन तास बस. हेही पत्रकात बारीक अक्षरांत.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी लिहून द्या आणि जहाजावर पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाक्याला भेटा. 'व्हेज' भाजीतसुद्धा माशाचं पाणी पडतं. व्हिएतनाममध्ये 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) लिहिलेलं दुकान शोधा, तिथे निर्धास्त जेवता येतं. कंबोडियात डॉलर चालतात, पण जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही. एक आणि पाचच्या कोऱ्या नोटा भारतातूनच न्या. जहाजावर शेवटच्या रात्री टिपेचं पाकीट खोलीत ठेवतात, त्यावर माणशी दिवसाचा आकडा छापलेला असतो. तो सक्तीचा नाही. आम्ही खोली झाडणाऱ्या मुलीला आणि त्या गाईडला हातात दिले, पाकीट रिकामं परत केलं. कुणी काही बोललं नाही.

थायलंडहून रस्त्याने कंबोडियात शिरायचा बेत करू नका, 2025 च्या लढाईनंतर ती सीमा भरवशाची राहिलेली नाही. विमानानेच या. सिएम रीपचा नवा विमानतळ 2023 पासून शहराबाहेर चांगला तासभर लांब आहे, गाडी आधी ठरवा.

आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा भरताना प्रवेशाच्या जागी विमानतळ टाकू नका. जहाज नदीवरच्या नाक्यातून आत जातं, त्या नाक्याचं नाव जहाज कंपनीकडून लेखी मागवून तेच निवडा. आमच्या बरोबरच्या एका जोडप्याच्या व्हिसावर एजंटने विमानतळ लिहिला होता. त्यांना फ्नोम पेन्हला उतरावं लागलं, विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागलं, आणि उरलेल्या क्रूझचा एक रुपयाही परत मिळाला नाही.