डांबर, मुळं आणि दोरीवरचा वेटसूट

एप्रिलमधली शेवटची शर्यत संपल्यावर मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिखलाने माखलेल्या पायांचा आणि मेडलचा फोटो टाकला. दोन मिनिटांत मावशीचा मेसेज आला, "कितवी आलीस?"

मावशीचं काही चूक नाही. शर्यत म्हटली की नंबर आलाच. पण उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथे लिहिते.

मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला राहते. आमच्याकडे ट्रायथलॉनचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे इथला उन्हाळा आणि त्याची शेपटी. पोहायला शिकले ते छत्तिसाव्या वर्षी, इथेच, सहा-सात वर्षांच्या पोरांच्या शेजारच्या लेनमध्ये. ती पोरं दोन महिन्यांत पुढच्या बॅचला गेली, मी वर्षभर तिथेच होते. तेव्हा माझ्याकडून पोडियमची अपेक्षा कुणी ठेवू नये.

या मोसमात पाच शर्यती केल्या. तीन रस्त्यावरच्या, दोन ऑफ-रोड. रस्त्यावरची म्हणजे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली: १५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं. हे झालं ऑलिंपिक अंतर. किंवा त्याच्या बरोबर निम्मी, तिला स्प्रिंट म्हणतात. ऑफ-रोडमध्ये पोहणं तसंच, पण सायकल माउंटन बाइक, तीही जंगलातल्या हातभर रुंद वाटेवरून, आणि पळणंही तसल्याच वाटांवर. किलोमीटर कमी असतात. कागदावर.

पहिली स्प्रिंट कारापिरो तलावात होती. वायकाटो नदीवर धरण बांधून झालेला हा तलाव, २०१० ची रोइंगची जागतिक स्पर्धा इथेच झाली. पाणी हिरवट, कोपरापुढचा हात दिसत नाही. भोंगा वाजला, आजूबाजूच्या बायकांचे हातपाय चालू झाले, कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली आणि पन्नास-साठ मीटरवर माझा श्वासच अडकला. तरण तलावात दोन-दोन किलोमीटर पोहणारी मी, उताणी होऊन आभाळ बघत पडले. कयाकवरच्या, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीतल्या, बाई शेजारी येऊन म्हणाल्या, धर हवं तर. नियमात ते बसतं: कयाक धरून थांबता येतं, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. मी धरली. वीस श्वास मोजले. सोडली. नंतर कळलं की त्या सकाळी त्यांची कयाक धरणारी मी चौथी होते. हे ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं मेडल मिळूनही वाटलं नाही.

कारापिरोची खरी डोकेदुखी मात्र पाण्याबाहेर आहे. २०२३ मध्ये वायकाटो नदीत एक परदेशी शिंपला सापडला. त्याला इथे गोल्ड क्लॅम म्हणतात. एवढासा जीव, पण भराभर वाढतो, पाइप तुंबवतो आणि एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कुणाच्याही सामानाला चिकटून जातो. त्यामुळे तलावातून निघालात की वेटसूट (पोहताना घालायचा रबरी पोशाख), गॉगल, टोपी, सगळं तपासा, धुवा, आतून-बाहेरून हाताला कोरडं लागेपर्यंत वाळवा, आणि त्यानंतर आणखी ४८ तास थांबा. मगच दुसऱ्या पाण्यात उतरा. पाच मिलिमीटर जाडीचं रबर हाताला कोरडं लागायला ढगाळ हवेत किती वेळ लागतो, ते मला विचारा. माझं सरावाचं वेळापत्रक कोच ठरवत नाहीत, आमच्या मागच्या अंगणातली दोरी ठरवते. शनिवारी कारापिरोत पोहून रविवारी टाऊपोला शर्यत, हा विषयच संपला. नवरा म्हणतो, दुसरा वेटसूट घे. त्याने एकदा किंमत बघितली, तेव्हापासून म्हणत नाही.

कारापिरोच्या त्या शर्यतीत ट्रान्झिशनमध्येही घोळ घातला. ट्रान्झिशन म्हणजे जिथे सगळ्यांच्या सायकली टांगलेल्या असतात आणि आपण ओल्या अंगाने धावत येऊन पुढच्या खेळाचा अवतार करतो ती जागा. नियम असा की हेल्मेट डोक्यावर, पट्टा खटकन लागलेला, मगच सायकलला हात. मी सायकल काढली, चार पावलं धावले आणि मागून हाक आली. परत जा, सायकल टांग, पट्टा लाव, पुन्हा काढ. पंच आजोबा इतक्या गोड आवाजात सांगत होते की राग त्यांचा येईना, माझाच आला.

डिसेंबरमधली ऑलिंपिक अंतराची शर्यत टाऊपोला केली. हे तळं म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचं तोंड, ६०० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. पाणी इतकं नितळ की पहिल्या बोयापर्यंत, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेपर्यंत, तळाची वाळू दिसते आणि काठाला प्यूमिसचे, म्हणजे ज्वालामुखीतल्या सच्छिद्र खडकाचे, करडे दगड तरंगत असतात. दगड तरंगताना बघितले की आपणही तरंगू असा धीर येतो, मला तरी आला. या वेळी कयाक लागली नाही.

सायकलचा रस्ता मात्र शेतीच्या भागातला, आणि इथले गावाबाहेरचे बहुतेक रस्ते डांबरावर खडी पसरून दाबलेले. दिसायला गुळगुळीत. चाळीस किलोमीटर गेलात की तळहात इतके झिणझिणतात की बुटाची नाडी बांधता येत नाही. (म्हणून पळायच्या बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या. हे शहाणपण दुसऱ्या शर्यतीत आलं.) पुढच्या सायकलच्या मागे दडून वारा चुकवायचा नाही हाही नियम: १० मीटरचं अंतर, आत शिरलात तर २० सेकंदांत पुढे काढायचं. म्हणजे समोरून वारा आला की तुम्ही आणि तो, मध्ये कुणी नाही. अशा वेळी माणूस काय करतो? घड्याळ बघतो. वेग, हृदयाचे ठोके, पेडलवरच्या जोराचे वॉट. दर तीस सेकंदांनी. मी ती अख्खी शर्यत मनगटावर बघून पार पाडली. तळ्याच्या पलीकडे टोंगारिरोची शिखरं दिसतात म्हणे. असतील.

३ तास ८ मिनिटं. मागच्या वर्षीपेक्षा सात मिनिटं कमी. शेवटची रेघ ओलांडल्यावर भेटलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "टाइम किती?" आकडा सांगितला की समोरचा मनातल्या मनात स्वतःचा आकडा त्याशेजारी ठेवतो, ते त्याच्या डोळ्यांत दिसतं. मीही तेच करते. संध्याकाळी अंघोळीला गेले तर दंडावर मार्करने लिहिलेला नंबर धुऊन निघाला, पण त्याच्याभोवती कातडी रापलेली, त्यामुळे नंबर उलटा, पांढऱ्यात उमटलेला. इथलं ऊन तसंच आहे, ढगातूनही भाजतं. ऑफिसात पंधरा दिवस मी ४१२ होते.

जंगलाकडे वळले ते आमच्या कोचमुळे. साठी उलटलेल्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, तुला सायकल चालवता येत नाही, तुला पेडल मारता येतं. लागलं ते. पण त्यांनी उदाहरण दिलं हेडन वाइल्डचं. हा इथला, फाकाटानेचा मुलगा. टोकियो ऑलिंपिकला कांस्य, २०२४ मध्ये पॅरिसला रौप्य, आणि त्याच वाइल्डने २०२१ मध्ये हवाईतल्या माउईला एक्सटेरा नावाची ऑफ-रोडची जागतिक स्पर्धाही जिंकली. त्याच दिवशी बायकांमध्ये जिंकली बर्म्युडाची फ्लोरा डफी, टोकियोचं सुवर्ण घेऊन आलेली. म्हणजे दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी माणसं बुडतातच असं नाही.

मी बुडाले नाही, आपटले. जानेवारीत रोटोरुआच्या फाकारेवारेवा जंगलात सरावाला गेले. गावात शिरताना गंधकाचा वास, आणि पुढे १९०१ मध्ये लावलेले कॅलिफोर्नियाचे रेडवूड, बुंध्याला चौघांनी मिठी मारावी असे. जंगलभर दीडशे किलोमीटरहून जास्त सायकलच्या वाटा. मला एकच गोष्ट सांगितली होती: जिथे जायचंय तिथे बघ. उतारावर वळण आलं, बाहेरच्या बाजूला पोंगाचं झाड होतं. पोंगा म्हणजे नेच्याचं झाड, खोड काळं आणि खरखरीत. याला धडकायचं नाही, असं मनात म्हणत मी त्याच्याकडे बघत राहिले. आणि गेले सरळ त्याच्यातच. डांबरावर नजर भटकली तरी सायकल सरळ जाते. इथे चाक डोळ्यांच्या मागे जातं.

उजवं मनगट मुरगळलं, हाड शाबूत. इथे एसीसी म्हणून सरकारी योजना आहे, १९७४ पासून. अपघात कुणाच्या चुकीने झाला हे न विचारता उपचाराचा बराचसा खर्च ती उचलते, अगदी फिरायला आलेल्या पाहुण्याचासुद्धा. फॉर्मवर अपघात कसा झाला ते लिहायचं होतं. मी लिहिलं: झाडाकडे बघत होते. फिजिओने वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, या आठवड्यातली दुसरी. त्याची वरची थोडी फी मी भरली.

फेब्रुवारीतली ऑफ-रोड शर्यत पावसात झाली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मी सायकल घेऊन चालले. चालणं नियमात बसतं. मार्चमधली स्प्रिंट बरी झाली.

आणि मग एप्रिल, टिकिटापू. नकाशावर ब्लू लेक लिहिलेलं असतं. तळाला पांढरट प्यूमिस असल्यामुळे निळं दिसतं. पलीकडेच रोटोकाकाही, हिरवं तळं. ते तिथल्या माओरी लोकांचं आहे, पवित्र मानलेलं, त्यात कुणी पोहत नाही, होडीही घालत नाही. निळ्यात पोहले. वेटसूट चार दिवस वाळलेला होता.

सायकलच्या दुसऱ्या फेरीत, मुळांच्या जाळीवरून उतरताना, मागच्या चाकातून फस्स असा आवाज आला आणि पोटरीवर काहीतरी गार उडालं. टायरमधलं पांढरं सीलंट. छोटं भोक असतं तर तेवढ्याने बुजलं असतं, पण टायरची बाजूच फाटली होती, करंगळीच्या नखाएवढी. बाजूच्या नेच्यात शिरले, चाक काढलं. फाटलेल्या जागी आतून एनर्जी जेलच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा लावला, ट्यूब बसवली, पंप मारला. ट्यूबमधली हवा माझ्या डोळ्यांदेखत गेली. झाडाच्या भेटीपासून पिशवीत तशीच पडून होती, तिला चीर गेलेली मी बघितलीच नव्हती.

तेवढ्यात वरून आवाज आला, "राइट!" म्हणजे मी उजवीकडून जातेय. आवाज थांबला. पांढऱ्या केसांची बाई, पोटरीवर मार्करने वय लिहिलेलं: ६६. बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर बाद करतात, पण शर्यतीतल्या स्पर्धकाने ट्यूब दिली तर चालतं. तिने पाठीवरून ट्यूब सोडली, माझ्याकडे फेकली, "आता मी पंक्चर व्हायचं नाही म्हणजे झालं," म्हणाली आणि त्याच मुळांवरून ब्रेकला बोटही न लावता खाली गेली. मी तिचं चाक कुठून जातं तेवढं बघून ठेवलं. चौदा मिनिटं गेली होती तिथे, हे घड्याळाने नंतर सांगितलं. तेव्हा हात काळे, घड्याळावर सीलंट.

पळताना पोटऱ्यांना गोळे आले. शेवटच्या चढावर झाडीत कोरलेल्या पायऱ्या आहेत, त्या मी हात गुडघ्यांवर दाबत चढले. माझ्या पुढचे दोघेही तसेच चढत होते.

शेवटच्या रेघेपाशी ती ६६ वाली बाई केळं खात बसली होती. तिला नव्या ट्यूबचे पैसे देऊ केले, तिने नको म्हटलं. आमच्याभोवती सगळे चिखलात उभे, आणि टाइम कुणीच कुणाला विचारत नव्हतं. विचारून उपयोग काय, मागच्या वर्षी वाट वेगळी, पाऊस वेगळा. सगळे एकच विचारत होते: "त्या मुळांवर पडलीस का?"

म्हणून मावशीला मी लिहिलं, "पडले नाही."

तिचं उत्तर लगेच आलं. "देव पावला. पण कितवी?"