तुम्ही विचारलंत म्हणून: सार्डिनियाची भुतं कुठे भेटतात?

इटालियन पुस्तकांबद्दल मी काही लिहिलं की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘सार्डिनिया या इटालियन बेटाच्या लोककथांत एवढी भुतं, पऱ्या, चेटकिणी आहेत म्हणता, मग त्या आजच्या कादंबऱ्यांत, सिनेमांत दिसत कशा नाहीत?’

दिसतात. पण विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पंखवाला, आग ओकणारा राक्षस असतो आणि तो शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. या बेटावरची बरीचशी भुतं म्हणजे गावातलीच माणसं. कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी खून पचवलेला, कुणी शेजारच्या घरातली. ज्या लेखकांना हे उमगलं, त्यांच्याकडेच ती भुतं जिवंत राहिली, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात ग्रात्सिया देलेद्दापासून करा. सार्डिनियातल्या नुओरोची ही लेखिका, 1926 च्या नोबेलची मानकरी. कादंबरीकार म्हणून गाजण्याआधी, 1894-95 मध्ये, तिने नुओरोच्या लोकपरंपरा गोळा करून छापल्या होत्या. म्हणजे हे सगळं तिने नीट ऐकून, टिपून ठेवलेलं होतं. ‘कान्ने आल व्हेंतो’ ही तिची 1913 ची कादंबरी. तिचं पहिलं प्रकरण मी कितीदा वाचलंय, तरी दर वेळी थबकतो. एफिक्स हा म्हातारा गडी दिवसभर नदीकाठचा बांध दुरुस्त करून झोपडीपुढे चटई विणत बसलाय. अंधार पडतो. कष्टकरी माणसाचा दिवस संपला, आता भुतांची वेळ. खाली नदीवर धोपटण्याचा आवाज येतो: पाना कपडे धुतायत. पाना म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बायका. मेलेल्या माणसाच्या नडगीच्या हाडाने त्या कपडे बडवतात. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांचे आत्मे हवेत तरंगतायत. सात टोप्यांचा खोडकर भूत इकडून तिकडे पळतोय. खडकातल्या घरांत याना नावाच्या चिमुकल्या पऱ्या राहतात, दिवसा सोन्याच्या हातमागावर सोन्याचं कापड विणतात.

पाना वाचताना आपल्याकडच्या कुणालाही अळवंतीण आठवेल. पण अळवंतीण झपाटते. पाना बिचारी धुणं धुते. लोककथा सांगते की तिला हे वर्षानुवर्षं करायचं असतं आणि मध्ये कुणी बोलायला लावलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मेल्यावरही बाईच्या मागचं धुणं सुटत नाही, यापेक्षा भीतीदायक मला काही वाटत नाही.

आणि हे सगळं ऐकत बसलेला एफिक्स? पुढे कळतं की त्याच्या हातून पूर्वी मालकाचा जीव गेलाय. इतकी वर्षं मालकाच्या लेकींची चाकरी करत तो ते पोटात ठेवून जगतोय. हे कळल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. त्या रात्रीतली सगळ्यात शापित व्यक्ती चटई विणत बसलेली असते.

मिकेला मुर्जाची ‘अक्काबादोरा’ (2009) ही कादंबरी याच वाटेवरची. अक्काबादोरा म्हणजे मरणाच्या वेदनांत अडकलेल्याला सोडवणारी बाई. अशा बायका खरंच होत्या की ही दंतकथा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुर्जाने तिला गावातली शिंपीण केलं. मृतात्म्यांच्या रात्री, घरं पितरांसाठी दारं उघडी ठेवून ताटं वाढून ठेवतात, तेव्हा एक मुलगा आत्मा दिसावा म्हणून जागा राहतो. काळ्या कपड्यांतली आकृती आत येते, त्याच्या भावाच्या खोलीत जाते. ती ओळखीची निघते. अख्ख्या कादंबरीतला माझ्या मनात घर करून राहिलेला प्रसंग हाच.

सिनेमात साल्वातोरे मेरेऊचा ‘बेल्लास मारिपोसास’ (2012) बघा. मूळ कथा सेर्जो आत्सेनीची. सार्डिनियाची राजधानी कालियारी, तिथल्या गरीब वस्तीतल्या एका लहान मुलीचा ऑगस्टमधला एक दिवस. तिथे आलेनी नावाची कोगा येते. लोककथेतली कोगा तान्ह्या बाळांचं रक्त पिणारी चेटकीण. इथे ती हाडामांसाची बाई आहे आणि वस्तीतल्यांना त्यांचं भविष्य सांगते. एनरिको पाऊनेही 2015 मध्ये ‘ल’अक्काबादोरा’ काढला. तो मुर्जाच्या कादंबरीवर नाही, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांखालच्या कालियारीत घडतो.

यानांची घरं तुम्हाला प्रत्यक्ष बघता येतील. दोमुस दे यानास म्हणजे हजारो वर्षांपूर्वी खडकात कोरलेल्या कबरी. 2025 मध्ये त्या जागतिक वारसा यादीत गेल्या. दारं इतकी छोटी, की ती पाहून पऱ्यांची गोष्ट सुचली नसती तरच नवल. सेदिनी गावात तर असं एक घर वस्तीच्या मधोमध आहे. त्याचा पुढे तुरुंग म्हणून वापर झाला, लोकही राहिले.

आता पडद्यावर कुणाला आणावं असं मला वाटतं, म्हणाल तर एरकितुला. घोर पाप केलेला माणूस रात्री बैल होतो, शिंगांवर मेणबत्त्या पेटलेल्या. तो ज्या दारापुढे तीनदा हंबरतो, त्या घरात वर्षात मरण येतं. सुटका एकच: कुणीतरी न घाबरता जवळ जाऊन मेणबत्त्या विझवायच्या. कुणी हा सिनेमा काढलाच, तर बैलाची दृश्यं थोडकी ठेवावीत. सकाळी चार लोकांत बसून भाकरी खाणारा तो माणूस आणि त्याला ओळखून गप्प राहिलेली त्याची बायको, यांच्यावर कॅमेरा भरपूर वेळ ठेवावा.