चोर्ला घाट आणि मागे ट्रेलर: आधी ब्रेक ड्रम सोडवा, मग निघा

बेळगावहून गोव्यात उतरणारा चोर्ल्याचा रस्ता कॅरॅव्हॅन ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, चालतो का, असं बेळगावात कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: गाडी ओढणारी असली की झालं, स्कॉर्पिओ आहे ना, मग कशाला काळजी? या उत्तरावर विसंबून माणसं १२०० किलोचं घर मागे जोडून घाटात शिरतात. कणकुंबी सुमारे ७९० मीटरवर आहे आणि केरी पार खाली, गोव्याच्या पायथ्याला. चोर्ल्यापासून केरीपर्यंत गाडीला ओढायचं काही नसतं, मागचं वजन थोपवून धरायचं असतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव हा महामार्ग सरळ आहे. गोकाक, हिडकल, सौंदत्ती हा पूर्वेकडचा भाग तर ट्रेलरला आणखी सोपा, त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. तिकडे सांभाळायचं ते ऊस हंगामात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर. नोव्हेंबर ते मार्च चिकोडी, रायबाग, हुक्केरी भागात अंधार पडल्यावर ट्रेलर घेऊन फिरू नका. ट्रॉली ओलांडताना तुमची लांबी दुप्पट झालेली असते, हे समोरून येणाऱ्याला कळत नाही.

महामार्गावर खासगी बस जोरात बाजूने गेली की ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो, मग तिच्याकडे ओढला जातो. शेपूट हलायला लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि जोरात ब्रेक मारू नका. पण मुळात शेपूट हलते ती बहुधा बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, पुरेसं वजन नसल्यामुळे. बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ७ टक्क्यांच्या आसपास भार हवा, म्हणजे १२०० किलोला ८४ किलो. मात्र टोबार (बॉल बसवलेली गाडीमागची दांडी) आणि कपलिंग (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) यांवर कोरलेली मर्यादा ओलांडायची नाही. मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. घरातला वजनकाटा आणि त्यावर कपलिंगच्या उंचीचा लाकडी ठोकळा, बास. मोजायचं ते सगळं सामान भरल्यावर. ॲक्सलच्या दीड मीटर मागे ५० लिटरची पाण्याची टाकी भरलीत आणि कपलिंग ॲक्सलपासून साडेतीन मीटर पुढे असलं, तर बॉलवरचे २१ किलो गेले. म्हणून घाटाच्या दिवशी मागची टाकी रिकामी ठेवा. पाणी केरीत मिळतं.

आता पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी. 'रस्ता आता चांगला झालाय' हे वाक्य मनातून काढून टाका. चांगला तुकडा आणि खराब तुकडा आलटून पालटून येतात, आणि चांगल्यावर घेतलेला वेग खराबावर भोवतो. गतिरोधकांना पांढरे पट्टे असतीलच असं नाही. पुढचं छोटं जॉकी चाक पूर्ण वर ओढून क्लॅम्प घट्ट केलेला नसेल, तर ते पहिल्याच उंचवट्यावर वाकतं. कोपऱ्यांचे आधारजॅकही वरच हवेत. डांबराच्या कडेची साइडपट्टी पावसानंतर खचलेली असते. समोर ट्रक आला म्हणून गाडी डावीकडे घेतलीत तर गाडीचं चाक डांबरावर राहतं आणि ट्रेलरचं आतून वळणारं चाक लाल मातीत उतरतं. तिथे पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, यू-बोल्ट ढिले होतात, सेंटर बोल्ट तुटतो. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो आणि ट्रेलर तिरका चालतो. जांबोटीत थांबून मागून बघा: दोन्ही चाकं चासीपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजेत. जांबोटीपुढे फोनच्या नेटवर्कवर विसंबू नका.

इथून खरा विषय. कॅरॅव्हॅन ट्रेलरला बहुधा ओव्हररन ब्रेक असतो. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, कपलिंगचा शाफ्ट आत दबतो, दांडा आणि केबल ओढली जाते आणि ड्रममधले लायनर (ब्रेकच्या घर्षणपट्ट्या) धरतात. सपाट रस्त्यावर ही रचना उत्तम. उतारावर मात्र ट्रेलर सतत गाडीला ढकलत असतो. दर १०० मीटरला ६ मीटर उतार धरला तर १२०० किलोचा ट्रेलर सुमारे ७० किलोच्या जोराने ढकलतो. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरत असाल, ब्रेक पेडलला पायही लावला नसेल, तरी ट्रेलरचे ब्रेक धरलेलेच असतात. गिअरमध्ये उतरल्याने गाडीचे ब्रेक वाचतात. ट्रेलरचे वाचत नाहीत, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

हिशेब करून बघा. १२०० किलो ७०० मीटर खाली आणायचे म्हणजे सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. २६ लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्याइतकी ही उष्णता आहे. काही वारा घेतो, काही गाडीचं इंजिन आणि ब्रेक घेतात, पण मोठा वाटा ट्रेलरच्या दोन लहान ड्रममध्ये जातो. ताशी २० च्या वेगाने ६ टक्के उतारावर साधारण ४ किलोवॅट उष्णता तयार होते, ४० ने ८ किलोवॅट. एकूण उष्णता तेवढीच, पण सावकाश उतरलं की ड्रमला ती सोडायला दुप्पट वेळ मिळतो. म्हणून २० च्या वर जायचं नाही. मागून कितीही हॉर्न वाजले तरी. जागा मिळाली की बाजूला घेऊन त्यांना पुढे सोडा.

उतार जिथे जरा सपाट होतो तिथे हलकासा ॲक्सिलरेटर द्या, म्हणजे शाफ्ट बाहेर येतो आणि लायनर सुटतात. दर दोन-तीन किलोमीटरला रुंद जागा बघून १५-२० मिनिटं थांबा. थांबल्यावर ट्रेलरचा हँडब्रेक ओढू नका: तापलेला ड्रम थंड होताना आकसतो आणि लायनरवर आवळला जातो. गाडी गिअरमध्ये, गाडीचा हँडब्रेक ओढलेला, ट्रेलरच्या चाकांना लाकडी उटी (पाचर), ट्रेलर जोडलेलाच. दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका, रात्री दुचाकीवाले त्याच्यावर आपटतात. ड्रमवर पाणी मारू नका, बिडाचा ड्रम तडकतो. जळका वास येत असेल, तर वास पूर्ण जाईपर्यंत तिथेच थांबायचं.

हे सगळं पाळूनही ड्रम तापत असतील तर दोष बहुतेक वेळा आधीच्या दुरुस्तीत असतो. ट्रॉलीची सवय असलेला फिटर 'ब्रेक कमी लागतोय' म्हटलं की मागचा दांडा किंवा केबल ताणून देतो. हँडब्रेक कडक लागतो, गिऱ्हाईक खूश. पण लायनर ड्रमला घासत राहतात, ग्रीस पातळ होऊन ऑइल सीलच्या बाहेर येतं, लायनर तेलकट होतात आणि एका बाजूचा ब्रेक जातो. बेअरिंग कोरडं पडतं ते वेगळंच. योग्य क्रम उलटा आहे. आधी दांडा पूर्ण ढिला करा आणि कपलिंगचा शाफ्ट पूर्ण बाहेर ओढलेला आहे याची खात्री करा. मग चाक उचलून पुढच्या दिशेनेच फिरवत ड्रमचा ॲडजस्टर आवळा. चाक अडलं की ते मोकळं फिरेपर्यंत उलटं सोडा. दोन्ही चाकं झाल्यावरच दांड्यातला ढिलेपणा काढा, ताण देऊ नका. क्रम बरोबर झाला की रिव्हर्समध्ये ब्रेक आपोआप सुटतो. रिव्हर्स घेताना ट्रेलर अडत असेल, तर केबल ताणलेली आहे असं समजा. जुन्या कपलिंगला रिव्हर्ससाठी खटका असतो. तो घाटात शोधत बसू नका. समोर ट्रक आणि मागे रांग असताना दहा फूट मागे जाता आलंच पाहिजे.

हे काम समोर उभं राहून करून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि हायड्रॉलिकची उत्तम माणसं आहेत, ड्रम टर्निंग तिथे नीट होतं. पण हा ब्रेक त्यांच्या रोजच्या कामातला नाही, तेव्हा क्रम तुम्हाला माहीत हवा.

बेअरिंग वर्षातून एकदा उघडा, आणि पाण्यातून गेलात तर लगेच. टेपर रोलर बेअरिंगवर ३०२०५, ३०२०६ असा नंबर कोरलेला असतो. तो लिहून ठेवा आणि एक जोडी सीलसकट सोबत बाळगा. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन नवं लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबर घट्टपणाचं, रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा. जुन्यावर नवं थापू नका. हब फिरवत नट आवळा, मग सोडून बोटाने बसेल इतकाच ठेवा आणि नवी स्प्लिट पिन घाला. काही आयात ॲक्सलमध्ये बंद बेअरिंग आणि एकदाच वापरायचा नट असतो, २९० न्यूटन मीटरला आवळायचा. तिथे हातोडी-पान्याचं काम नाही. बेळगावातून निघाल्यावर किणयेच्या आसपास थांबून दोन्ही हबना हात लावा. सपाटीवर हात ठेवता येईल इतकेच गरम हवेत. एक दुसऱ्यापेक्षा उघड जास्त गरम असला तर घाट रद्द.

बॉल ५० मिलिमीटरचा आहे का ते कॅलिपरने मोजा. ४९ पर्यंत झिजलेला बॉल फेकून द्यायचा. दोन इंची म्हणून मिळणारा ५०.८ चा असतो, तो ५० च्या कपलिंगमध्ये नीट बसत नाही. जोडल्यावर जॉकी चाकाने कपलिंग वर उचला. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तरच लॉक झालं. इंडिकेटर दिल्यावर टेललाइटही लुकलुकत असेल तर सातपिनी सॉकेटमधली तीन नंबरची पांढरी वायर, म्हणजे अर्थिंगची, साफ करा. गॅस चालू प्रवासात सिलिंडरवरच बंद. कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६१: ट्रेलरची नोंदणी वेगळी, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर हवा.

निर्णय स्पष्ट सांगते. ट्रेलर ८०० किलोपेक्षा जड असेल तर चोर्ला उतरायचा नाही. सावंतवाडीकडे जायचं असेल तर आंबोली, गोव्यातल्या फोंड्याकडे जायचं असेल तर रामनगर-अनमोड. अनमोडला ट्रक फार, पण थांबायला जागा मिळते. तिलारीच्या घाटाचं नावही काढू नका. जून ते सप्टेंबर यांतला कुठलाच घाट ट्रेलरसह नको, धुक्यात वीस फुटांपुढचं दिसत नाही. चोर्ल्यातूनच जायचा हट्ट असेल तर गोव्याकडून वर या. चढावर शाफ्ट बाहेर ओढलेला असतो, ब्रेक सुटलेले राहतात. लक्ष फक्त इंजिनच्या तापमानावर आणि क्लचवर ठेवायचं.

चाकांचे नट पहिल्या ५०-८० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. आणि गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, गाडीचा जॅक ट्रेलरच्या ॲक्सलखाली जातो का, हे दारातच लावून बघा.