पद्मिनी स्लो धरत नाही? कॅब्रेटरला हात सगळ्यात शेवटी

सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते, चोक थोडा ओढून ठेवला तरच चालू राहते, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागे फट्‌ फट्‌ वाजतं. प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारवाल्यांची ही नेहमीची तक्रार: गाडी स्लो धरत नाही, म्हणजे पाय न दाबता हळू चालू राहत नाही. आणि ती कानावर पडताच बहुतेक गॅरेजांत स्क्रूड्रायव्हर सरळ कॅब्रेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. दोन आटे आत, एक आटा बाहेर, रेस जरा वाढवून गाडी परत. चार दिवसांनी पुन्हा तेच.

कुर्ल्यात बनलेलं हे १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे: चार सिलिंडर, एक सोलेक्स कॅब्रेटर, आणि स्पार्कसाठी पॉइंट (उघडझाप करणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर. साधं आहे म्हणूनच बिघाड क्रमाने शोधता येतो. क्रम असा: आधी स्पार्क, मग टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट), मग बाहेरून शिरणारी हवा, आणि हे तिन्ही ठीक असेल तर कॅब्रेटर. उलट्या क्रमाने गेलात तर कॅब्रेटरची सेटिंग दुसऱ्या कुठल्या तरी बिघाडाशी जुळवून बसवली जाते. मग खरा बिघाड काढल्यावर गाडी आणखी वाईट चालते आणि दोष नव्या पार्टच्या माथी येतो.

बोनेट उघडण्याआधी फटाका कुठे फुटतो ते नीट ऐका. एअर क्लीनरच्या बाजूने फुसकारा किंवा ठसका येत असेल तर मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त), इनलेट व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, नाहीतर स्पार्क चुकीच्या वेळी पडतोय. पातळ मिश्रण सावकाश जळतं. पुढच्या फेरीला इनलेट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत धग शिल्लक असते आणि ज्वाळा उलटी कॅब्रेटरकडे येते. आवाज सायलेन्सरमधून येत असेल तर गोष्ट वेगळी. न जळलेलं पेट्रोल पाइपात साचतं, त्याला हवा मिळते आणि ते तिथे पेटतं. कारणं म्हणजे एखादा सिलिंडर मिसिंग (पेट न घेणारा), मागे पडलेलं टायमिंग (स्पार्कची वेळ), एग्झॉस्ट व्हॉल्व्हची गळती, किंवा बेंडच्या (इंजिनाला जोडलेल्या एग्झॉस्ट पाइपाच्या) जोडातली फट. फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरच फटके मारत असेल तर आधी बेंडचं पॅकिंग पाहा. तिथे काळ्या काजळीची रेघ उमटलेली असते. साध्या पॅकिंगसाठी लोक आख्खा कॅब्रेटर बदलतात.

आता कोणता सिलिंडर झोपलाय ते काढा. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि रबरी मुठीच्या पक्कडीने एकेक प्लग वायर क्षणभर काढून लगेच परत लावा. वायर अधांतरी धरून ठेवू नका, कॉइलवर ताण येतो. जी वायर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर कामाचा नाही. चारही काढताना सारखाच फरक पडत असेल तर दोष सगळ्यांना समाईक असलेल्या जागी आहे: पॉइंट, टायमिंग, हवा किंवा कॅब्रेटर. एवढ्या एका चाचणीने अर्धा दिवस वाचतो.

वायरी हातात आहेतच तर फायरिंग ऑर्डरही, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तपासा. १-३-४-२, आणि एक नंबर रेडिएटरकडचा. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी सुरू होते, पण लंगडत, आणि वरून-मागून दोन्हीकडून फटाके. डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून आतून उजेडात धरा. दोन टोकांमध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली की ती भेग समजा. तिथून करंट शेजारच्या सिलिंडरला पळतो. मधला कार्बन स्प्रिंगवर सहज दबायला हवा. कोकणात किंवा मुंबईत जुलैमधे सकाळी गाडी मिसिंग मारत असेल आणि दुपारी ठीक चालत असेल, तर कॅपच्या आत दव धरलंय. कोरड्या फडक्याने पुसा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींकडे पाहिलं की निळ्या ठिणग्या कुठून गळतात ते उघड दिसतं.

पॉइंट. इथेच बहुतेक खेळ होतो. जुन्या पॉइंटच्या एका तोंडावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा तयार होतो. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सपाट असल्यामुळे ती टेकडीवर टेकते आणि खरा गॅप असतो त्यापेक्षा कमी दाखवते. तुम्ही ०.४५ मिमी, म्हणजे मेकॅनिकांचे अठरा थाउ (इंचाचे हजारावे भाग), लावल्याचं समाधान मानता आणि प्रत्यक्षात गॅप त्याहून खूप मोठा असतो. म्हणून एक तर पॉइंट नवे घाला, नाहीतर ड्वेल मीटर लावा. चार सिलिंडरच्या पॉइंट इग्निशनला साधारण ५५ ते ६० अंश ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) यायला हवा. टेकडी लवकर तयार होत असेल किंवा पॉइंट उघडताना जाड, पिवळसर ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर गेला. त्याची क्षमता ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. बाजारातले नवे कंडेन्सर फारसे भरवशाचे नसतात. जुना चालत असेल तर तो फेकू नका, डिकीत ठेवा.

रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) काढून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट दोन बोटांनी आडवा हलवून पाहा. हलतोय असं जाणवलं तर बुश घासलाय. मग प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा पडतो आणि कितीही सेटिंग केली तरी स्लो स्थिर राहत नाही.

गॅप बसला की टायमिंग, आणि याच क्रमाने. गॅप कमी केला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग मागे जातं. टायमिंग आधी लावून नंतर गॅपला हात लावलात तर केलेलं काम वाया. टायमिंग लाइट नसेल तर १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीला, दुसरं बॉडीला, आणि इग्निशनची चावी चालू. प्लग काढून, गाडी वरच्या गियरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकला. बल्ब पेटतो तो क्षण पॉइंट उघडण्याचा. त्या वेळी पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी असायला हवी.

काढलेले प्लगही वाचून घ्या. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका रंग म्हणजे मिश्रण पातळ, ओला तेलकट म्हणजे रिंग किंवा गाइड. एकच प्लग वेगळा दिसला तर बिघाड त्याच सिलिंडरात आहे.

टॅपेट इंजिन गार असतानाच लावायचे. व्हॉल्व्ह कधी पूर्ण मिटलेले असतात ते शोधायची जुनी युक्ती: चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील तेव्हा एकचे टॅपेट लावा, दोनचे हलताना तीनचे, एकचे हलताना चारचे, तीनचे हलताना दोनचे. टकटक करणारा टॅपेट लोकांना खुपतो, पण घातक असतो तो आवाज न करणारा. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. इनलेटचा संपला तर कॅब्रेटरमधून ठसका, एग्झॉस्टचा संपला तर सायलेन्सरमध्ये फटका, आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. २००० सालापासून देशभर शिशाविना पेट्रोल मिळतं. जुन्या सीटमध्ये व्हॉल्व्ह हळूहळू रुततो आणि गॅप आपोआप कमी होतो. म्हणून या गाड्यांचे टॅपेट तपासायला आळस नको. टॅपेट लावूनही तोच सिलिंडर झोपलेला राहिला तर कॉम्प्रेशन मोजा, चारही प्लग काढून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

यानंतर चोरून शिरणारी हवा. इंजिन स्लोवर असताना कॅब्रेटरच्या तळाच्या पॅकिंगवर, मॅनिफोल्डच्या जोडावर आणि थ्रॉटल स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. जिथे लावल्यावर इंजिनाचा सूर बदलतो तिथे गळती. काही जण यासाठी क्लीनरचा स्प्रे किंवा पेट्रोल मारतात. गरम बेंडजवळ ते करू नका. व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची नळी असेल तर ती काढून तोंडाने ओढून पाहा. ओढलेलं धरून ठेवलं नाही तर आतला पडदा फाटलाय.

कॅब्रेटरचा तळ वाकडा होणं हा आपल्याकडचा खास रोग, कारण नट आवळताना आपल्याला समाधानच होत नाही. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तळ त्यावर दोनचार वेळा फिरवा. चकाकी फक्त नट बसतात त्या दोन कानांना आली आणि मध्य काळाच राहिला, तर तळ वाकला आहे. सगळीकडे सारखी चकाकी येईपर्यंत घासा, नवं पॅकिंग घाला आणि नट आलटून पालटून बेताने आवळा.

आता कॅब्रेटर. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत ढकललेला. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा. जोर लावलात तर टोकाला वळ पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही. तिथून दीड आटा बाहेर, ही सुरुवात. मग पाव-पाव आट्याने फिरवत इंजिन सगळ्यात वेगाने जिथे चालतं ती जागा शोधा, थ्रॉटलच्या स्क्रूने वेग मिनिटाला ७५० ते ८०० फेऱ्यांवर आणा, आणि हे दोनदा-तीनदा करा.

मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घातला तरी इंजिन बंद पडत नसेल तर तिथेच थांबा. याचा अर्थ इंजिन स्लोच्या वाटेने पेट्रोल घेतच नाही. थ्रॉटल इतका उघडा ठेवलेला असतो की पेट्रोल वरच्या भोकांतून येतं. बहुधा पायलट जेट (स्लोचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय आणि कुणीतरी रेस वाढवून ते झाकलंय. जेट काढा, उजेडाकडे धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि जेटवरचा आकडा खोटा ठरतो. क्लीनरमध्ये भिजवून हवा मारा. फ्लोट चेंबरच्या तळाशी तांबूस गाळ असेल तर टाकी गंजली आहे. फिल्टर न बदलता जेट साफ केला तर आठवडाभरात परत तेच.

फ्लोट पितळेचा असेल तर कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुड्यांवरून जागा कळते. अ‍ॅक्सिलरेटर पंप तपासायला इंजिन बंद करा, कॅब्रेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल उघडा. पिचकारी लगेच आणि सलग उडायला हवी. थेंब थेंब आली तर पिकअप घेताना ठसका येणारच.

हे सगळं ठीक असूनही मिश्रण पातळच वाटत असेल तर पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचा विचार करा. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी पातळ चालते. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ११५ च्या जागी १२० घातला तर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ९ टक्के वाढतं, एवढं पुरतं. पायलट जेट ४५ चा असेल तर ४७.५ पाहा. ५० घातलात तर क्षेत्रफळ २३ टक्के वाढतं आणि प्लग काळे पडतात. जेटसाठी कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या जुन्या पार्टवाल्यांकडे चौकशी करा, मात्र घेण्याआधी भोक उजेडात बघाच.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही इथेनॉलला चालतील अशा घ्या. जुन्या आतून सुटतात आणि त्यांचे काळे कण सरळ पायलट जेटमध्ये जाऊन बसतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पंपाकडे येणारी नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे फ्लोट चेंबर जवळपास रिकामं होतं.