जिऑइड मॉडेल तपासताना: दोष उपग्रहावर ढकलण्याआधी

पुण्यात एखादं जीपीएस ॲप समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठहून जास्त मीटर कमी आकडा दाखवतं. ॲप बिघडलेलं नसतं. ते एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची उंची सांगतं. जिऑइड म्हणजे गुरुत्वानुसार ठरणारी, जमिनीखालीही कल्पिलेली समुद्रसपाटी, आणि आपल्याकडे ती एलिप्सॉइडच्या तेवढी खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हाच खड्डा शंभर मीटरच्या पुढे जातो.

जिऑइडचं मॉडेल हाच फरक ठिकठिकाणी किती ते सांगतं, आणि त्याची जमिनीवरची तपासणीही याच फरकावर चालते. लेव्हलिंगच्या बेंचमार्कवर (समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून ठेवलेल्या खुणेवर) ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस रिसीव्हर काही तास, जमलं तर पूर्ण दिवस, स्टॅटिकमध्ये, म्हणजे न हलवता ठेवायचा. मिळालेल्या उंचीतून लेव्हलिंगची उंची वजा केली की त्या बिंदूवरचा जिऑइड मिळतो. मॉडेलचा आकडा जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या जीएफझेड या भूविज्ञान संस्थेच्या आयसीजीईएम या ऑनलाइन सेवेवर फुकट काढता येतो.

घोटाळा इथेच होतो. गुरुत्व मोजणाऱ्या गोचे उपग्रहाचं (2009 ते 2013) मॉडेल डिग्री 200 पर्यंत घेतलं (डिग्री जितकी जास्त, तितका बारकावा जास्त), तर सुमारे 100 किलोमीटरपेक्षा बारीक काही त्यात नसतं. घाटमाथ्यापासून कोकणात उतरणारा कडा त्याला दिसतच नाही. बेंचमार्कवर मात्र तो कडा पूर्ण जाणवतो. नुसत्या या गाळलेल्या भागामुळे साधारण 30 सेंटिमीटर फरक पडतो, डोंगरात त्याहूनही जास्त. म्हणून 201 ते 2190 डिग्रीचा भाग ईजीएम 2008 या जास्त बारीक जागतिक मॉडेलमधून भरायचा आणि त्याहून बारीक भाग एसआरटीएमच्या, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीवरून काढायचा. त्यासाठी भूरूपाचा संदर्भ पृष्ठभागही डिग्री 2190 लाच गुळगुळीत केलेला हवा, नाहीतर तोच डोंगर दोनदा मोजला जातो. खडकाच्या घनतेची नेहमीची 2.67 (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) ही किंमत दख्खनच्या बेसाल्टला कमी पडते. तिथे 2.8 ते 2.9 घेऊन एकदा बघावं.

मग भरती-ओहोटीची पद्धत, म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीने पृथ्वीच्या आकारात पडलेला कायमचा फरक मॉडेलने कसा धरला आहे ते. टाइड-फ्रीमध्ये तो काढून टाकलेला असतो, झिरो-टाइडमध्ये ठेवलेला. एक मॉडेल टाइड-फ्री, दुसरं झिरो-टाइड असेल तर पुण्याच्या अक्षांशावर जिऑइडमध्ये सुमारे 2 सेंटिमीटर फरक येतो, 28 अंशावर सुमारे 1. गोचेचं उद्दिष्टच 1 ते 2 सेंटिमीटर होतं, त्यामुळे हा फरक सोडून देता येत नाही. फाइलच्या वरच्या ओळींत पद्धत लिहिलेली असते, पण ती कोणी वाचत नाही.

मॉडेल जमिनीवर मोजलेल्या गुरुत्वाशीही ताडून बघतात. ग्रॅव्हिमीटरच्या (गुरुत्व मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांत वेगळी गोम. उंचीत 1 मीटर चूक म्हणजे फ्री-एअर विसंगतीत (उंचीचा हिशेब धरून अपेक्षित गुरुत्वापासून उरणाऱ्या फरकात) 0.3086 मिलिगॅल; मिलिगॅल हे गुरुत्वाचं एकक. नकाशाच्या कंटूरवरून उंची घेतली आणि ती 10 मीटरने चुकली, की 3 मिलिगॅल गेले. जुन्या नोंदी पॉट्सडॅम पद्धतीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या गुरुत्व मोजणीला संदर्भ मानणाऱ्या असतील तर सगळीकडे सुमारे 14 मिलिगॅल जास्त दिसतात. इतका एकसारखा फरक दिसला की आधी हीच शंका घ्यावी.

बेंचमार्कच्या उंचीतही चूक असते. भारताचा उंचीचा जुना संदर्भ 1909 चा, नऊ भरतीमापक केंद्रांवर बांधलेला. समुद्राची सरासरी पातळी सगळ्या किनाऱ्यांवर सारखी नसते, त्यामुळे त्यात कल येतो. मॉडेल आणि बेंचमार्क यांच्या फरकांतून सरासरी वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशन (फरकांचा विखुरलेपणा) बघणं ठीक. कल काढायला तीन-चार पॅरामीटरही चालतील. पण वीस बिंदूंवर सात पॅरामीटर बसवले तर मॉडेलची चूकही त्यातच गडप होते आणि निकाल फसवा देखणा दिसतो.

एकच बिंदू बाकीच्यांपासून 15-20 सेंटिमीटर फटकून असेल तर मॉडेलला हात लावण्याआधी फील्डबुक उघडा. अँटेनाची उंची तिरकी मोजून सरळ म्हणून टाकली आहे का? बेंचमार्क खचलेल्या पुलाच्या कठड्यावर आहे का?