चाकू घेताना खिळा बघावा

चाकू घ्यायला आलेला माणूस दुकानात पहिलं काय करतो, तर पातं उघडून अंगठ्यावर धार बघतो. दुकानदारालाही ते पाठ असतं, म्हणून त्याने धार आधीच चाकावर चकचकीत करून ठेवलेली असते. माझं म्हणणं, धारेकडे बघूच नये. धार काय, घरच्या दगडावर कधीही लावता येते. घडीच्या चाकूत बघायचा तो खिळा, ज्याच्याभोवती पातं फिरतं. चाकू पूर्ण उघडायचा, पात्याचं टोक दोन बोटांत धरायचं आणि आडवं हलवायचं. टकटक लागली की चाकू परत दुकानदाराकडे.

सारंगखेड्याच्या यात्रेत आमचे आप्पा हेच करत बसतात. माणसं दत्ताच्या दर्शनाला येतात, घोडे बघतात, आणि हे लोखंडी सामानाच्या पालात उकिडवे. एकदा मी पितळी फुलं जडवलेला चाकू उचलला, तर वर न बघताच म्हणाले, "तुले कापानं शे का मिरवानं शे?" दुकानदारच आधी हसला. मग माझ्याच्याने काही तो चाकू घेववला नाही.

केळीच्या बागेत मोठं काम कोयत्याचंच. घड उतरवायचा, पिलं काढायची, तिथे खिशातला चाकू काढणाऱ्याला मजूर हसतील. पण दिवसभरात कोयता न पेलणारी कामंच जास्त निघतात. खताच्या गोणीची शिवण उसवायची, ठिबकची फुटलेली नळी सरळ कापून जोड बसवायचा, केळफूल खुडायचं, बांधावर बसून काकडी चिरायची. आणि या सगळ्यात केळीचा चीक. कपड्यावरचा त्याचा काळा डाग जन्मात जात नाही हे खान्देशात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पात्यावरून तो सरकत सरकत खिळ्यापाशी जातो, वर धूळ बसते, कपाशीच्या शेतात गेलात तर रुईचे तंतूही, आणि दोन दिवसांत तिथे डिंकासारखी खळ होते. मग चाकू दातांनी उघडायची वेळ येते. कच्ची केळी चिरताना बायका हाताला तेल लावतात ना, तेच तेल सकाळी खिळ्यात दोन थेंब सोडावं आणि चीक ओला आहे तोवर पुसावा. दुसरं औषध नाही.

चीक साध्या पोलादाला निळसर काळं करतो. चिकातल्या तुरट द्रव्याचं लोखंडाशी जमतं, त्याचा तो रंग. हा गंज नव्हे. उलट तो थर बसलेलं पातं थोडं कमीच गंजतं. तरी लोक राखेने घासघासून ते पांढरं करतात, त्यांना कोण सांगणार! मी स्टेनलेसच्या वाटेला सहसा जात नाही. गंज येत नाही हे खरं, पण स्वस्तातलं मऊ निघतं आणि चांगलं असेल तर विहिरीवरच्या दगडाला दाद देत नाही. साधं पातं पाच मिनिटांत लागतं. बाजारात चाकावर धार लावून घेणार असाल तर मात्र समोर उभं राहा. ठिणग्या उडता उडता कडेला निळी झाक आली की पोलादाचं पाणी गेलं समजा. ती कड मग धार धरत नाही.

फ्रान्सच्या डोंगराळ सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमाराला शेतकऱ्यांसाठी केलेला लाकडी मुठीचा चाकू हल्ली इकडेही हौशी लोकांच्या खिशात दिसतो. त्यात स्प्रिंग नाही. १९५५ पासून खिळ्यापाशी एक फिरती कडी आली. ती वळवली की उघडलेलं पातं मिटत नाही. हे कौतुकाचं आहे, कारण नुसत्या स्प्रिंगवरचा चाकू टोक खुपसताना मिटून बोटांवर येतो. भरताच्या वांग्याला भाजण्याआधी टोचे मारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. पण ती मूठ बीचच्या लाकडाची, आणि लाकूड पाणी पितं. आपल्याकडे आषाढात ते फुगून पातं अडकतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की तेच ढिलं पडतं. म्हणजे पुन्हा आलो खिळ्यापाशीच. साधा ठोकलेला खिळा ढिला झाला तर लोहार ऐरणीवर दोन ठोके देऊन घट्ट करतो. ते काम यात्रेतल्या स्वस्त चाकूचंही होतं, त्यासाठी परदेशी चाकूच हवा असं नाही.

लांबीचा मोह नको. चार बोटं पातं शेताला पुरतं. रामपुरीचा रुबाब सिनेमात ठीक, गोणीची सुतळी त्याला ओळखत नाही.

आणि मुठीला भोक असलेलाच घ्यावा. दोरी ओवून करदोड्याला बांधता येतो. मागून नेणारे शेजारी आहेतच, पण चाकू खरा हरवतो तो केळीच्या पाचोळ्यात. दोरी लाल घ्यावी. हिरवी किंवा खाकी असली, तर वाकून पाणी देताना गळून पडलेला चाकू पुढची खांदणी होईस्तोवर दिसत नाही.